घर बदललं की मतपत्रिकाही बदलते

अमेरिकेत मत कसं देतात, असं कुणी विचारलं की मी आधी ‘कुठल्या राज्यात?’ असं विचारते. पुष्कळदा ‘कुठल्या काउंटीत?’, म्हणजे साधारण आपल्या भाषेत कुठल्या जिल्ह्यात, हेही विचारावं लागतं. नागरिकत्व घेतल्यापासून मी न्यू जर्सी, टेक्सस आणि ऑरेगन अशा तीन राज्यांत मतदान केलं. प्रत्येक ठिकाणी नोंदणीची मुदत वेगळी, ओळखपत्राचा नियम वेगळा, यंत्र वेगळं. मतपत्रिका तर इतकी वेगळी की एका राज्यात शिकलेलं दुसऱ्या राज्यात फारसं उपयोगाला आलं नाही. नव्याने नागरिक झालेले आपले लोक याबद्दल नेहमी विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते आहे.

पुण्यात असताना हा प्रश्नच कधी पडला नव्हता. आपल्याकडे लोकसभा असो की विधानसभा, गडचिरोलीत असा की कुलाब्यात, यंत्र तेच, बोटाला लागणारी म्हैसूरची शाई तीच. नावांचा क्रमही ठरलेला: आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांचे, मग अपक्ष, आणि प्रत्येक गटात वर्णानुक्रम. हे सगळं एक आयोग ठरवतो. अमेरिकेत असा आयोग नाही. संघराज्याची जी निवडणूक समिती आहे ती प्रचाराच्या पैशांवर लक्ष ठेवते, मतदान घेत नाही. मतदानाची वेळ, जागा आणि पद्धत ठरवण्याचा अधिकार राज्यघटनेने मुळात राज्यांच्या विधिमंडळांना दिला आहे, आणि राज्यांनी प्रत्यक्ष काम काउंटीकडे, काही ठिकाणी तर गावाकडे सोपवलं आहे. अशा दहा हजारांच्या आसपास यंत्रणा देशभर निवडणुका घेतात. त्यातच एका मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षापासून शाळेच्या मंडळापर्यंत सगळी पदं असतात. दोन गल्ल्या सोडून शाळेचा विभाग बदलला की मतपत्रिकाही बदलते. त्यामुळे एकट्या काउंटीला मतपत्रिकेच्या कितीतरी आवृत्त्या छापाव्या लागतात.

माझं पहिलं मत न्यू जर्सीत, नोव्हेंबर २०१२ मध्ये. नागरिकत्वाची शपथ घेऊन बाहेर पडलो तेव्हाच दारात स्वयंसेवक नोंदणीचे अर्ज घेऊन उभे होते. तिथेच भरून दिला. मतदानाच्या आधी घरी टपालाने नमुना मतपत्रिका आली. न्यू जर्सीत ती मतदारांना पाठवतात, आणि तिच्यावर आपलं मतदान केंद्रही छापलेलं असतं. पण त्या वर्षी २९ ऑक्टोबरला सँडी वादळ धडकलं आणि आठवड्याभरात मतदान आलं. वीज नव्हती, पेट्रोलला रांगा होत्या, कित्येक मतदान केंद्रं ऐनवेळी हलवावी लागली. घर सोडावं लागलेल्यांना राज्याने ईमेलने आणि फॅक्सने मत पाठवायची परवानगी दिली. आमचंही केंद्र बदललं होतं. शेजारणीने दार वाजवून सांगितलं, ‘शाळेत नाही, आता चर्चच्या हॉलमध्ये आहे.’

तिथे ओळखपत्र कुणी मागितलं नाही. मोठ्या वहीत माझ्या नावापुढे नोंदणीच्या वेळची सही छापलेली होती. तिच्या शेजारी सही करायची, टेबलामागच्या बाई दोन्ही सह्या ताडून बघणार आणि हातात एक चिठ्ठी देणार. ती चिठ्ठी यंत्रापाशी द्यायची आणि पडद्याआड जायचं. यंत्र भलंमोठं. सगळी मतपत्रिका एकाच कागदावर छापून समोर प्लास्टिकखाली ताणून बसवलेली. पदं, पक्ष, उमेदवार, सगळं एका नजरेत. नावापाशी दाबलं की हिरवी फुली उजळायची. सगळ्या फुल्या नीट बघून झाल्या की खाली कोपऱ्यातलं मत नोंदवण्याचं बटण दाबायचं. कागदी नोंद काहीच नाही.

हे मला फार खटकायचं. मतदाराला तपासता येईल अशी कागदी नोंद हवी, असा कायदा न्यू जर्सीने २००५ मध्येच केला होता, पण अंमलबजावणी पुढे ढकलली जात राहिली. त्याच राज्यातल्या प्रिन्स्टन विद्यापीठात संगणकशास्त्राचे प्राध्यापक अँड्र्यू अ‍ॅपल यांनी अशीच पाच जुनी यंत्रं सरकारी लिलावातून ८२ डॉलरला विकत घेतली होती आणि त्यांतला प्रोग्रॅम बदलून मतं फिरवता येतात हे दाखवून दिलं होतं. भारतात व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद का होईना, काचेमागे दिसते. इथे मी हिरवी फुली पाहिली आणि बाकी विश्वासावर सोडलं.

यंत्रापेक्षाही मला जास्त शिकवलं ते जूनमधल्या प्राथमिक निवडणुकीने. पक्षाचा उमेदवार कोण, हे त्यात ठरतं. डेमोक्रॅटिक पक्षाची मतपत्रिका हातात आली तेव्हा एक स्तंभ वरपासून खालपर्यंत भरगच्च होता: वर मोठ्या पदाचा उमेदवार, त्याखाली काँग्रेसचा, म्हणजे इथल्या संसदेचा, त्याखाली काउंटीचा, त्याखाली गावाचा. बाकीचे उमेदवार दूर कुठेतरी उजवीकडे, मध्ये कोरे चौकोन सोडून एकेकटे. मी कार्यकर्त्यांना विचारलं तेव्हा कळलं की भरगच्च स्तंभ काउंटीतल्या पक्ष संघटनेने पाठिंबा दिलेल्यांचा. त्याला इथे ‘लाइन’ म्हणतात. लाइन मिळाली की निम्मी निवडणूक खिशात, कारण डोळा वरून खाली सरळ घसरतो आणि बोट त्याच्या मागोमाग जातं.

अशी मांडणी इतर राज्यांत नव्हती. तिथे प्रत्येक पदाचा एक चौकोन आणि त्यात त्या पदाचे सगळे उमेदवार एकाखाली एक. न्यू जर्सीची ही रीत मोडायला २०२४ उजाडावं लागलं. त्या वर्षी सिनेटसाठी, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहासाठी, उभे असलेले अँडी किम यांनी लाइनविरुद्ध संघराज्याच्या न्यायालयात दावा लावला. २९ मार्चला न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी आदेश दिला की जूनच्या डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीत पदवार चौकोनांचीच मतपत्रिका छापायची. पुढे २०२५ मध्ये राज्याने तसा कायदा केला. तोपर्यंत आम्ही राज्य सोडलेलं होतं, पण बातमी वाचून मला मनापासून आनंद झाला. कागदावर कुणाचं नाव कुठे छापायचं हा कारकुनी प्रश्न नाही. निकाल त्यावर फिरतो.

फ्लोरिडाचं २००० सालचं उदाहरण सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण त्यामागचं कारण फार थोड्यांना माहीत असतं. पाम बीच काउंटीत त्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदाला दहा उमेदवार होते. म्हाताऱ्या मतदारांना वाचता यावं म्हणून निवडणूक अधिकाऱ्यांनी अक्षरं मोठी केली. मग नावं एका पानात मावेनात, म्हणून ती समोरासमोरच्या दोन पानांवर टाकली आणि भोकं पाडायची ओळ मधोमध ठेवली. डाव्या पानावर डेमोक्रॅटिक पक्षाचे अल गोर यांचं नाव दुसरं, पण त्यांचं भोक तिसरं; दुसरं भोक उजव्या पानावरच्या, छोट्या पक्षाच्या पॅट ब्युकॅनन यांचं. ब्युकॅनन यांना त्या काउंटीत ३,४०७ मतं पडली आणि एकाहून जास्त भोकं पडल्यामुळे एकोणीस हजारांवर मतपत्रिका बाद झाल्या. सबंध राज्याचा निकाल, आणि त्याबरोबर राष्ट्राध्यक्षपदाचाही, गोर यांच्या विरोधात लागला तो ५३७ मतांनी. हेतू चांगला होता, तरीही असं घडलं. त्यानंतर २००२ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्याने भोकं पाडण्याची यंत्रं बदलायला राज्यांना पैसे दिले. मांडणी मात्र राज्यांच्या आणि काउंटींच्याच हातात राहिली.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही ह्यूस्टनला गेलो आणि पाटी पुन्हा कोरी झाली. टेक्ससात नोंदणी मतदानाच्या तीस दिवस आधी व्हावी लागते, आणि आम्ही गेलो तेव्हा ती कागदी अर्ज भरूनच करावी लागली. केंद्रावर फोटो असलेलं ओळखपत्र लागतं, तेही ठरलेल्या यादीतलंच. पिस्तूल बाळगण्याचा परवाना चालतो, विद्यापीठाचं ओळखपत्र चालत नाही. आत फोन वापरायचा नाही. कागदावर लिहिलेलं टिपण मात्र नेता येतं. हे टिपण किती महत्त्वाचं आहे ते मतपत्रिका पाहिल्यावर समजलं.

टेक्ससात न्यायाधीश निवडून येतात, आणि तेही पक्षाच्या नावावर. आपल्याकडून आलेल्या माणसाला हे आधी खरंच वाटत नाही. ह्यूस्टनची हॅरिस काउंटी एवढी मोठी की राष्ट्राध्यक्ष, सिनेट, काँग्रेस संपले तरी मतपत्रिका संपत नाही. दिवाणी न्यायालयं, फौजदारी न्यायालयं, कौटुंबिक न्यायालयं, प्रत्येकाचं वेगळं आसन आणि प्रत्येक आसनाला दोन अनोळखी नावं. २०१८ मध्ये यातून सुटायची सोय होती: सुरुवातीलाच एका पक्षावर खूण केली की खालपर्यंत त्या पक्षाची सगळी मतं पडायची. बहुतेक लोक तेच करायचे. २०२० पासून राज्याने ती सोय काढून टाकली. आता प्रत्येक न्यायाधीशापाशी थांबून मत द्यायचं किंवा रिकामं सोडायचं.

मला रिकामं सोडायचं नव्हतं. कुणाच्या घटस्फोटाचा, कुणाच्या मुलाच्या ताब्याचा निकाल देणारा माणूस मी निवडणार असेन, तर त्याचं नाव तरी आधी वाचलेलं हवं. महिला मतदार संघटनेची छापील मार्गदर्शिका आणि ह्यूस्टनच्या वकील संघटनेने केलेली न्यायाधीशांची पाहणी समोर घेऊन मी संध्याकाळी बसायचे. काउंटीच्या संकेतस्थळावर आपली नमुना मतपत्रिका उतरवून घेता येते. तिच्यावर खुणा करत करत माझं टिपण तयार झालं. न्यू जर्सीत नमुना मतपत्रिका आपणहून घरी यायची आणि सगळं एका कागदावर मावायचं. इथे तयारी पूर्णपणे माझ्यावर होती.

२०२० मध्ये मतदान ऑक्टोबरमध्येच केलं. टेक्ससात मतदानाच्या दिवसाआधीच मत देण्याची चांगली सोय आहे, आणि हॅरिस काउंटीत कुठल्याही केंद्रावर गेलं तरी चालतं. करोनाचं वर्ष होतं, म्हणून राज्यपालांनी त्यासाठीचे दिवसही वाढवले होते. केंद्रावर बोटाला रबरी टोपण दिलं. यंत्र पाटीएवढं, त्यावर स्पर्शाचा पडदा नाही, तर गोल फिरवायची चकती. आधी कागदावर छापून दिलेला चार आकडी कोड चकती फिरवून घालायचा, मग चकती फिरवत नावावर यायचं, बटण दाबायचं, पुढच्या पदाकडे जायचं. न्यायाधीशांची पानं सुरू झाली तशी माझ्या मागची रांग मला जाणवायला लागली, पण टिपण हातात होतं म्हणून एकही जागा सोडावी लागली नाही. शेवटी लाल बटण दाबलं आणि पडद्यावर अमेरिकेचा झेंडा फडकला. माझ्या शेजारच्या यंत्रावरच्या आजोबांच्या हाताला कंप होता. त्यांची चकती दर वेळी एक नाव पुढे जायची आणि ते पुन्हा मागे आणायचे. मी आत आले तेव्हा ते मतदान करत होते, आणि मी बाहेर पडले तेव्हाही करतच होते.

नवरा रिफायनरीत पाळीवर असतो. त्या वर्षी काउंटीने काही केंद्रं एका दिवशी रात्रभर उघडी ठेवली होती, तेव्हा पाळी संपवून तो पहाटे मत देऊन आला. मोटारीतून न उतरता मत द्यायचीही सोय होती. तशा दिलेल्या सव्वा लाखाहून जास्त मतांना शेवटच्या क्षणी न्यायालयात आव्हान दिलं गेलं. मतदानाच्या आदल्या दिवशी न्यायाधीशांनी ते फेटाळलं, तोवर त्या लोकांचा जीव टांगणीला होता. पुढच्या वर्षी राज्याने नवा कायदा करून रात्रीचं आणि मोटारीतलं मतदान, दोन्ही बंद केलं. पाळीवर काम करणाऱ्यांना त्या सोयीचा किती आधार होता ते मी घरातच पाहिलं आहे. ती बंद केली हे मला पटलेलं नाही.

टपालाने मत देणं टेक्ससात सरसकट मिळत नाही. वय ६५ किंवा त्याहून जास्त असेल, आजारपण किंवा अपंगत्व असेल, मतदानाच्या काळात काउंटीबाहेर असाल, अशीच काही कारणं चालतात. करोनाची भीती हे कारण धरता येणार नाही, असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं. सासूबाई आमच्याबरोबर राहतात, त्याही इथल्या नागरिक आहेत, आणि वयामुळे त्यांना टपाली मतपत्रिका मिळाली. त्या वर्षी टपाल उशिरा पोहोचतंय अशी सगळीकडे चर्चा होती, म्हणून त्या म्हणाल्या, ‘अगं, आपण स्वतःच नेऊन देऊ या ना. एवढं भरलंय, वाटेत कुठे अडकलं तर?’ नियम असा की मतदाराने स्वतःच, ओळखपत्र दाखवून, लिफाफा द्यायचा. घरातल्या दुसऱ्या कुणी दिलेला चालत नाही. काउंटीने आधी बारा ठिकाणी सोय केली होती. १ ऑक्टोबरला राज्यपालांचा आदेश आला की प्रत्येक काउंटीत असं एकच ठिकाण असेल. सत्तेचाळीस लाख वस्तीच्या काउंटीलाही एक आणि शे-दोनशे मतदारांच्या काउंटीलाही एक. आम्ही सासूबाईंना घेऊन तीसेक मैल गाडी चालवत एनआरजीच्या मैदानापाशी गेलो. त्यांनी खिडकीतून ओळखपत्र दाखवलं, सही केली, लिफाफा दिला.

२०२२ मध्ये त्याच लिफाफ्याला नवी अट जोडली गेली. झाकणाच्या आतल्या बाजूला वाहन परवान्याचा क्रमांक किंवा सोशल सिक्युरिटी या सरकारी ओळख क्रमांकाचे शेवटचे चार आकडे लिहायचे, आणि तो क्रमांक नोंदणीच्या वेळी दिलेल्याशी जुळला पाहिजे. त्या वर्षी मार्चच्या प्राथमिक निवडणुकीत राज्यभरात टपाली मतपत्रिकांपैकी सुमारे बारा टक्के नाकारल्या गेल्या. म्हणून आम्ही दोन्ही क्रमांक नोंदणीत आहेत की नाहीत ते आधी कार्यालयात फोन करून पक्कं करून घेतलं.

मग पोर्टलंडला आलो. ऑरेगनमध्ये मतदान केंद्रच नसतं. १९९८ मध्ये इथल्या लोकांनी मत देऊन ठरवलं की सगळं मतदान टपालाने होईल, आणि २००० ची राष्ट्राध्यक्षाची निवडणूक तशी पार पडली. आता वॉशिंग्टन, कोलोरॅडो, युटा, हवाई, कॅलिफोर्निया, नेवाडा या राज्यांतही मतपत्रिका घरी पाठवतात, पण सुरुवात ऑरेगनची. अर्ज करायचा नाही, कारण सांगायचं नाही.

नोंदणीही बहुतेकांची वाहन परवान्याच्या कार्यालयात आपोआप होते. इथे एक सूचना मुद्दाम द्यायची आहे. २०२४ मध्ये उघडकीला आलं की नागरिकत्वाचा पुरावा न दिलेल्या बाराशेहून जास्त लोकांची नावं चुकून मतदार यादीत गेली होती. ग्रीन कार्डावर किंवा व्हिसावर असलेल्या आपल्या माणसांनी असं नाव लागल्याचं पत्र आलं तर ते बाजूला ठेवून देऊ नये, लगेच कळवून नाव काढून घ्यावं. नागरिक नसताना मत दिलं तर पुढे नागरिकत्व तर हातचं जातंच, देशाबाहेर काढण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते.

मतपत्रिकेच्या आधी येतो मतदार पुस्तिकेचा गठ्ठा. वर्तमानपत्राच्या कागदावर छापलेली जाड पुस्तिका, राज्य सरकारने काढलेली, घरोघरी पाठवलेली. उमेदवार आपली माहिती ठरावीक शुल्क भरून किंवा सह्या गोळा करून त्यात देतात. थेट मतदारांच्या कौलासाठी ठेवलेल्या राज्याच्या प्रत्येक प्रस्तावाचा मजकूर, त्याचा खर्च, बाजूने आणि विरोधात लोकांनी मांडलेले मुद्दे, सगळं त्यात असतं. शाळेच्या कर्जरोख्याचा प्रस्ताव असेल तर घरपट्टी किती वाढेल तेही कळतं. मतपत्रिकेवरच्या नावांचा क्रमही इथे न्यायाने लागतो: राज्य दर निवडणुकीला इंग्रजी अक्षरांची सोडत काढून नवी वर्णमाला ठरवतं आणि आडनावं त्या क्रमाने छापली जातात. न्यू जर्सीची लाइन पाहिलेली असल्यामुळे या सोडतीची किंमत मला चांगली कळते.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये पोर्टलंडच्या मतपत्रिकेत आणखी एक नवी गोष्ट होती. २०२२ मध्ये शहराने आपली सनद, म्हणजे कारभाराची मूळ नियमावली, बदलली, आणि त्यानुसार महापौर आणि नगर परिषदेसाठी पसंतीक्रमाने मत द्यायचं होतं. महापौरपदाला १९ उमेदवार. नावांच्या ओळी, आडवे सहा स्तंभ, आणि प्रत्येक स्तंभात एका नावाचा गोल काळा करायचा: पहिली पसंती, दुसरी, असं सहापर्यंत. परिषदेसाठी शहराचे चार भाग आणि प्रत्येक भागातून तीन सदस्य. विजयाला एक चतुर्थांशाहून जास्त मतांचा कोटा. कोटा पार केलेल्याची अतिरिक्त मतं पुढच्या पसंतीकडे जातात आणि तळाचा उमेदवार बाद झाला की त्याचीही मतं पुढे वाटली जातात.

माझे इथे जन्मलेले शेजारी हा तक्ता बघून गोंधळले होते. मला मात्र तो पाहताक्षणी ओळखीचा वाटला. पुण्यात मी पदवीधर मतदारसंघात मत दिलेलं आहे. विधान परिषदेच्या त्या निवडणुकीला दर वेळी नव्याने नाव नोंदवावं लागतं, केंद्रावर दिलेल्या पेनानेच नावापुढे १, २, ३ असे आकडे लिहावे लागतात, आणि निकालाला रात्र रात्र लागते, कारण पहिल्या पसंतीत कोटा कुणी गाठला नाही तर दुसऱ्या पसंतीची मतं मोजावी लागतात. राज्यसभेच्या निवडणुकीतही आमदार असंच पसंतीने मत देतात. शेजाऱ्यांना मी तेच समजावून सांगितलं: दुसरी पसंती दिल्याने पहिलीचं काही नुकसान होत नाही, आणि एका स्तंभात दोन गोल काळे करायचे नाहीत. त्याच मतपत्रिकेवर हीच पद्धत राज्याच्या मोठ्या पदांनाही लावावी का, असा ११७ क्रमांकाचा प्रस्ताव होता. तो राज्यातल्या मतदारांनी नाकारला.

जेवणाच्या टेबलावर पुस्तिका पसरून, दोन-तीन संध्याकाळी बसून मतपत्रिका भरणं मला फार आवडलं. ह्यूस्टनला जी तयारी मी स्वतः उभी केली होती ती इथे राज्यच हातात देतं. वर मागे रांग नाही, चकती नाही. पाणीपुरवठ्याच्या मंडळापर्यंत मी सगळं वाचून मत दिलं. एक काळजी मात्र आहे आणि ती बोलायलाच हवी. मतदान केंद्रावरच्या पडद्याआड आपण एकट्या असतो. घरी तसं नसतं. आपल्या घरांत कर्ता माणूस सगळ्यांच्या मतपत्रिका एकत्र घेऊन बसतो, ‘इथे कर, इथे कर’ म्हणतो, आणि बाया-म्हातारी माणसं मुकाट्याने करतात, असं होऊ शकतं. मी सासूबाईंना पुस्तिकेतला जो भाग समजला नाही तो मराठीत वाचून दाखवला, आणि म्हटलं, ‘आई, आता तुम्ही तुमच्या खोलीत बसून भरा.’ त्यांनी महापौरपदाची पहिली पसंती कुणाला दिली, हे मला आजही माहीत नाही.

भरलेल्या मतपत्रिकेला टपाल तिकीट लागत नाही, आणि मतदानाच्या दिवसापर्यंतचा शिक्का असेल तर नंतर काही दिवसांत पोहोचलेली मतपत्रिकाही धरतात. आम्ही वाचनालयापाशी असलेल्या अधिकृत पेटीत टाकल्या. त्याच सुमारास, २८ ऑक्टोबरच्या पहाटे, पोर्टलंडमधल्या एका पेटीला आग लावण्याचा प्रकार झाला. पेटीत आग विझवणारी व्यवस्था होती म्हणून तीनच मतपत्रिकांचं नुकसान झालं. नदीपलीकडे वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकुव्हरमध्ये त्याच दिवशी शेकडो मतपत्रिका खराब झाल्या. लिफाफ्यावर प्रत्येक मतदाराची खूण असल्यामुळे त्या लोकांना शोधून नव्या मतपत्रिका देता येतात. तरीही ती बातमी आल्यावर आम्ही आमच्या मतपत्रिका पोहोचल्याचा संदेश येईपर्यंत फोन जवळच ठेवून होतो.

दर ऑक्टोबरमध्ये आमच्या मराठी मित्रमंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात सूचनांचा पाऊस पडतो. सगळ्या चांगल्या मनाने पाठवलेल्या, आणि निम्म्या तरी दुसऱ्याच राज्यातल्या. पेनसिल्व्हेनियात मतपत्रिका आधी आतल्या गुप्ततेच्या लिफाफ्यात घालावीच लागते. ती नुसती बाहेरच्या लिफाफ्यात घातली तर बाद होते, आणि मतदानाच्या दिवशी रात्री आठपर्यंत ती कार्यालयात पोहोचलीच पाहिजे, शिक्का कुठल्या दिवसाचा आहे हे बघत नाहीत. ऑरेगनच्या सवयीने तिथली कुणी शेवटच्या दिवशी टपालात टाकली तर मत वाया. जॉर्जियात कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर फेरमतदान होतं. नेवाडात राज्यभराच्या पदांना ‘यांपैकी कुणी नाही’ असा पर्याय १९७० च्या दशकापासून आहे, आपल्या नोटाच्या कितीतरी आधीपासून. नॉर्थ डकोटात तर मतदार नोंदणीच नाही. शिकागोच्या कुक काउंटीत हिंदीत आणि न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये बंगालीत मतपत्रिका मिळते. म्हणून मी गटात एकच विनंती करते: काउंटीच्या निवडणूक कार्यालयाचा कागद वाचा, मैत्रिणीचा संदेश नको.

ऑरेगनमध्ये सगळी भिस्त लिफाफ्यावरच्या सहीवर असते. ओळखपत्र नाही, साक्षीदार नाही, फक्त नोंदीतल्या सहीशी ती जुळते का ते बघतात. सासूबाईंची सही मराठीत आहे, बँकेपासून पासपोर्टपर्यंत सगळीकडे तीच. कुठलीही लिपी चालते, पण वयाने त्यांच्या हाताला आता थरथर आली आहे आणि आडनावाच्या शेवटची वेलांटी पूर्वीसारखी वळत नाही. मतदानानंतरच्या आठवड्यात त्यांच्या नावाने पत्र आलं: सही जुळत नाही, मतपत्रिका तुम्हीच पाठवली असेल तर सोबतचा अर्ज सही करून मुदतीत परत द्या. त्या जरा घाबरल्या. मी त्यांना अर्ज वाचून दाखवला, त्यांनी आजच्या हाताने सही केली आणि आम्ही तो त्याच दुपारी कार्यालयात नेऊन दिला. काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं की हीच सही आता नोंदीत राहील आणि पुढच्या लिफाफ्याशी हीच ताडून बघतील. काही दिवसांनी त्यांचं मत मोजल्याचा संदेश आला. घरात वयस्कर माणूस असेल तर पत्राची वाट बघू नका. नोंदणीचा अर्ज पुन्हा भरून नवी सही आधीच पाठवून ठेवा. अर्ज एका पानाचा आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत.